पुडीतली मेथी, ताटातली मेथी

बस आगाराच्या उपाहारगृहात आत्याचा शब्द शेवटचा. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण चालकांपासून मेकॅनिकपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाचा दात दुखतोय, हे तिला वाढता वाढता चेहऱ्यावरून कळे.

लांब पल्ल्याच्या गाडीवरच्या एका चालकाला सगळे 'टाकी' म्हणत. दिवसभर बसून त्याचं पोट इतकं सुटलं होतं, की बुटाची नाडी बांधायला तो बायकोला हाक मारायचा. वर्षाच्या तपासणीत साखरही वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, "वजन उतरवा. नाहीतर मला तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल."

टाकीने धसकाच घेतला. बाजारातून त्याने कसलीशी हिरवी पूड आणली. पुडीवर कारल्याचं आणि मेथीचं चित्र, शिवाय आठवड्याभरात पोट गायब होण्याची हमी. गोळ्या चालूच होत्या. त्याने जेवण तेवढं जवळजवळ सोडलं.

"अरे, पोटात काहीतरी घाल," आत्याने हटकलं.

"झाडपाल्याचंच तर आहे, आत्या. त्याने काय बिघडतंय?"

बिघडलं. एका सकाळी आगारातच गाडी मागे घेताना टाकीला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी मागच्या भिंतीला जाऊन भिडली. आत प्रवासी नव्हते, हे नशीब. आत्या हातात झारा तसाच धरून धावली. टाकीचे हात गार पडले होते, बोलणं अडखळत होतं. तो शुद्धीवर आहे, नीट गिळतोय, एवढं बघून तिने त्याला साखरेचं पाणी पाजलं आणि पुडीसकट दवाखान्यात नेलं.

"कारलं, मेथी साखर उतरवतात. गोळीही तेच करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात तुम्ही उपाशी. आणि या पुडीत आणखी काय घातलंय, ते देव जाणे."

"आणि ताटात भाजी म्हणून वाढली तर?" आत्याने विचारलं.

"मग उत्तमच. जेवण तुम्ही सांभाळा, गोळ्या मी सांभाळते."

आत्याने पदर खोचला. उपाहारगृहामागे झिजलेल्या टायरांचा ढीग होता. त्यांत माती भरून तिने मेथी, पालक, पुदिना लावला. कुंपणावर कारल्याचा वेल सोडला. रोजचं तळण बंद झालं. मोड आलेली कडधान्यं, काकडी आणि आलं घातलेलं गरम सूप ताटात आलं. पहिल्या दिवशीचं कारलं जसंच्या तसं परत आलं, तेव्हा तिने ते पातळ चिरून कांद्यावर कुरकुरीत परतलं. मग वाट्या रिकाम्या होऊ लागल्या.

कुरकुर मात्र थांबेना. "आत्या, आम्ही काय शेळ्या आहोत का?" टाकीने एकदा तोंड उघडलंच.

"शेळी डोंगर चढते रे. तुला जिना चढवत नाही. जा, आधी आगाराला एक फेरी मारून ये, मग वाढते."

टाकी बडबडत गेला, पण गेला. हळूहळू बाकीचेही त्याच्याबरोबर निघू लागले. कुणी वजनाचं विचारलं, की आत्या सांगायची, "हे औषध नाही, जेवण आहे. दमाने फरक पडेल."

पुढच्या तपासणीत टाकी काही वेताची काठी झालेला नव्हता. पण वजन उतरलं होतं, साखर आटोक्यात आली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी एक गोळी कमी करून तो गाडी चालवायला तंदुरुस्त असल्याच्या कागदावर सही केली.

शनिवारी मात्र आत्या स्वतःच कढई चढवायची. त्या दिवशी टाकी रांगेत सगळ्यांच्या पुढे. ती त्याला गरमागरम भजी वाढायची, शेजारी मेथीची भाजी वाढायची, आणि दोन्ही संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची.