लाडवांच्या मदतीला उतरलेली भावकी

माझ्या सासरच्या माणसांनी मला कधीच एकटं पडू दिलं नाही. म्हणून तर माझा धंदा बसायची वेळ आली.

जव्हारला मी घरच्या घरी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू करून विकते. शेजारीपाजारी खाऊन खाऊन दमले, तेव्हा आहारावर गप्पा मारणाऱ्या एका ऑनलाइन चर्चामंचावर मी नाव नोंदवलं. तिथला नियम साधा होता. जाहिरात केली की हकालपट्टी. आधी लोकांच्या उपयोगी पडा, कुणी विचारलं तरच आपल्या मालाबद्दल बोला. मी तेही केलं. कुणाची भाकरी चिरते, कुणाच्या बाळाला नागली पचत नाही, सगळ्यांना उत्तरं देत बसले. (इकडे भाजी करपली तर करपली.) शेवटी ठाण्याच्या एका बाईंनी आपणहून विचारलं, लेकीच्या डोहाळजेवणाला तुमचे लाडू मिळतील का? माझी पहिली मोठी ऑर्डर! पत्ता त्या मंचावरूनच कळवणार होत्या.

आनंदाच्या भरात मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि वर 'जरा हातभार लावा' असंही लिहिलं. आता आमच्याकडे एकाच्या शेतात लावणी निघाली की सगळी भावकी चिखलात उतरते, बोलावणं लागत नाही. इथे तर बोलावणंही गेलेलं! संध्याकाळपर्यंत खोडाळ्यापासून दाभोशापर्यंतची सगळी भावकी मंचावर उतरली. आडनाव एक, मजकूर एक: 'लाडू जाम भारी, सर्वांनी घ्या.' मोठ्या जाऊबाईंनी तर तो मधुमेहाच्या चर्चेतही टाकला.

मंच सांभाळणाऱ्या ॲडमिनबाईंनी माझं खातं गोठवलं. ही सगळी खोटी खाती तुमचीच दिसतात, उद्या सगळं कायमचं बंद करू, असं त्यांनी कळवलं. मी रडायच्या बेतात. लाडवांचे डबे भरून तयार, आणि ते पाठवायचे कुठे हेच माहीत नाही. नवरा म्हणाला, थांब, तात्यांना सांगतो. तात्या म्हणजे खोडाळ्याचे माझे चुलतसासरे. त्यांनी लक्ष घातलं की प्रकरण वाढतं, हा आजवरचा अनुभव.

तात्यांनी मंचावर लिहिलं, "मॅडम, मी खोटा नाय. लाडू मी खाल्लाय. चवीला बरा हाय, पण जाम कडक. माझी दाढ हालली."

खाली जाऊबाई हजर. "तात्या, तुमची दाढ आधीच हालत होती. लाडवात गूळच कमी हाय. मी तिला होळीलाच सांगितलेलं."

तात्यांनी मग जाऊबाईंच्या भाकरीचा विषय काढला. बाकीचेही दोन्हीकडून सरसावले. लग्नानंतर मी रांधलेल्या पहिल्या भातात खडे होते, हेही कुणीतरी सांगून टाकलं. मी डोक्याला हात लावून वाचत होते.

सकाळी ॲडमिनबाईंचा निरोप आला, "खातं सुरू केलं आहे. खोटी माणसं इतकं खरं बोलत नाहीत."

त्याखाली ठाण्याच्या बाईंचा पत्ता! आमच्याकडेही असे एक काका आहेत, लाडू तेवढे मऊ वळा, असं त्यांनी लिहिलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. सगळे लाडू मोडले, तूप घालून पुन्हा वळले आणि गाडीत चढवले.

तेव्हापासून मी मंचावर अगदी निर्धास्त आहे. स्वतःची जाहिरात करायची नाही हा नियम माझ्याकडून मोडणं आता शक्यच नाही. मी लाडवांबद्दल एक चांगला शब्द लिहायचा अवकाश, खाली दुरुस्ती करायला अख्खं सासर हजर असतं.