लंकाबाईची जोडवी

चांदी कशी घासावी हे मला लंकाबाईनं शिकवलं. मी तिची शेजारीण, पाथर्डीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत लग्न होऊन आलेली. माझे पैंजण मी वाळूनं घासत बसले होते, ते तिनं माझ्या हातातून ओढूनच घेतले. "चांदी हाय का तवा हाय त्यो?" मग तिनं सगळं करून दाखवलं. जुनी, काळी झालेली चिंच कोमट पाण्यात भिजवायची. तिच्या कोळानं चांदी चोळायची, वरून चाळलेल्या राखेचं हलकं बोट फिरवायचं. नक्षीतला मळ बाभळीच्या चावलेल्या काडीनं काढायचा, रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं आणि मऊ जुनेरानं तिथल्या तिथं कोरडं करायचं. एवढी तरबेज कशी झालीस, असं मी विचारलं तेव्हा ती हसली आणि खांबाला टेकून बसली.

मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा कानिफनाथ भिंगारला जाऊन पलटणीत भरती झाला आणि बोटीत बसून कुठल्याशा मुलखात गेला. आधी खुशाली यायची, मग यायची बंद झाली. त्या वर्षी आमच्या भागात ज्वारी उभीच वाळली. लंकाबाई सासू-सासऱ्यांबरोबर उसाच्या कामाला निघाली, प्रवरेच्या बाजूच्या एका साखर कारखान्यावर.

ऊस तोडायला जोडी लागते. एकानं तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची. सासू भीमाबाई आणि सासरा गहिनीनाथ यांची जोडी जमली, लंकाबाई एकटी उरली. मुकादमानं तिला कारखान्यात गंधकावर लावलं. साखर पांढरी व्हावी म्हणून गंधक जाळतात, त्याचे पिवळे खडे पाटीत भरून भट्टीपर्यंत न्यायचे. त्या कामावर बाकी सगळे बाप्ये. दिवसभर तिचे अनवाणी पाय त्या पिवळ्या भुकटीत घोळलेले असायचे.

थोड्याच दिवसांत तिच्या पायातली जोडवी काळी पडायला लागली. संध्याकाळी घासून लख्ख करावीत, तर दुसऱ्या दिवशी कामावरून येईतो पुन्हा काजळी धरल्यासारखी. आमच्याकडे नवरा हयात असलेल्या बाईनं जोडवी पायातून काढायची नसतात. म्हणून ती पाण्याच्या पाटाच्या कडेला दगडावर पाय ठेवून, बोटातच घासायची.

शेजारच्या खोपटांतल्या बायकांना तेवढंच पुरलं. "आमच्या पायातली बघ, कशी हायती तशी हायती. सवाष्णीची चांदी अशी करपली, की धन्याचं काय खरं नसतं." हे तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचं आणि वर चुकचुकायचं. अपशकुन सांगत हिंडणाऱ्या बायकांचा मला मनस्वी राग येतो. दुसऱ्याचं वाईट आधी आपल्याला कळलं, यातच त्यांचं पोट भरतं.

भीमाबाई मात्र त्यांतली नव्हती. तिचा तो एकुलता एक लेक. त्याची काळजी करून करून ती निम्मी झाली होती, आणि आता रोज संध्याकाळी सुनेच्या पायाकडं बघून ती अर्धी भाकरी तशीच टाकून उठायची. एक दिवस ती म्हणाली, "लंके, आपला कानिफ न्हाई ऱ्हायला. मला कळलंया. येत्या अमुशेला नदीवर जाऊ, जोडवी उतरून टाक. ह्ये रोजचं मरान माज्याच्यानं बगवत न्हाई."

"कोनी बगितलंय त्यास्नी गेलेलं?" लंकाबाई म्हणाली. "मी न्हाई उतरनार."

"चांदी खोटं बोलती व्हय?"

लंकाबाईचाही त्या बोलण्यावर विश्वास होता, हे तिनं मला अगदी सरळ सांगितलं. भीतीनं ती आणखी जोरात घासायला लागली. अंधार पडायच्या आत काळ्याचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये, म्हणजे तो वाचेल, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. चिंचेचा आंबटपणा आणि राख भेगांत शिरून तिची बोटं सोलवटली, मग सुजली. अमावस्या तोंडावर आली आणि एका सकाळी तिला पायच टेकवेना.

मुकादमानं निरोप धाडला, आज कोणी आलं नाही तर गंधकावर दुसरं माणूस लावतो. हातातलं काम घालवून चालणार नव्हतं. भीमाबाई गहिनीनाथाला म्हणाली, "आजच्या दिस तुमी घरीच बसा," आणि सुनेची पाटी घेऊन स्वतः गेली.

संध्याकाळी ती परत आली, खोपटाच्या दाराशी बसली आणि पाय धुवायला तांब्या घेतला. तो तसाच हातात राहिला. तिची स्वतःची जोडवी, लग्नापासून पायात असलेली, काळी ठिक्कर पडली होती.

तिनं वर बघितलं. गहिनीनाथ समोर चुलीपाशी उकिडवा बसला होता.

"अवं," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "तुमाला कुठं दुखतंय का?"

"दुखतंय? भूक लागलीया. भाकर टाकतीस का नुसती तोंडाकडं बगतीस?"

"छातीत कळ न्हाई ना येत?"

"मला काय धाड भरलीया! भाकर टाक."

भीमाबाईनं एकदा पायाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. पायाच्या बोटांतली पिवळी भुकटी तिनं चिमटीत धरून हुंगली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती हमसून रडायला लागली. गहिनीनाथ भाकरीची आशा सोडून नुसता बघत राहिला. "अवं, कायबी झालं न्हाई," ती त्याला म्हणत होती. "माज्या कानिफला कायबी झालं न्हाई!"

तसं म्हणायलाही काही आधार नव्हता, हे कोणीही सांगेल. पण कित्येक दिवसांनी त्या बाईच्या तोंडून लेकाचं नाव जिवंत माणसाच्या नावासारखं निघालं.

मग ती चिंच भिजवून आत आली आणि तिनं सुनेचा सुजलेला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. लंकाबाईनं पाय ओढून घेतला, तशी भीमाबाई खेकसली, "गप बस." सोललेल्या कातडीला लागू नये म्हणून तिनं कापडाच्या बोळ्यानं नुसती चांदीच पुसली, एकेक करून, आणि शेवटी भेगांना गोडंतेल लावलं. अमावस्या आली आणि गेली. नदीवर कोणी गेलं नाही.

लढाई संपल्यावर पुढच्या हंगामात ती तिघं पुन्हा त्याच कारखान्यावर होती. एका संध्याकाळी लंकाबाई गंधकावरून परत आली, तर खोपटासमोर खाकी कपड्यातला एक वाळलेला माणूस भीमाबाईच्या हातची भाकरी खात बसलेला. त्यानं मान वर केली. तो कानिफनाथ होता.

"मी काय केलं असंल, सांग बरं?" लंकाबाईनं मला विचारलं. धावत जावं, रडावं, काहीच तिला सुचलं नाही. जोडवी काळीकुट्ट होती, तेवढंच तिला दिसलं. तिनं लुगड्याचा काठ खाली ओढून पाय झाकले आणि चिंच घ्यायला आत वळली.

भीमाबाईनं तिचा हात धरून तिला तिथंच, त्याच्यासमोर बसवलं.

"आज ऱ्हाऊ दे काळीच," ती म्हणाली. "उद्या घासू."