धाकू मास्तर आणि अंगठ्याचा काळा दोरा

धाकू मास्तर हेदवीकडचे. सदऱ्याच्या कॉलरला मागे छत्री अडकवून चालायचे आणि माणसाकडे टक लावून बघायचे. छत्रीचं काही नाही, बघणं मला कधी रुचलं नाही. त्यात पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात ते मुंबईस कसल्याशा शिबिराला गेले नि नवी विद्या घेऊन आले. नाव लांबलचक, न्यूरो लिंग्विस्टिक आणि पुढे आणखी काही. मी दुसरी शिकलेली, एवढंच ध्यानात राहिलं.

माझी नात गोदा चौथीत दोनदा नापास झालेली. घरी पाढे घडाघड म्हणायची, शाळेत उभी केली की थिजायची. बापाने मुंबईहून कळवलं होतं, यंदाही नापास झाली तर शाळा बंद, काजू सोलायला धाडा.

अशात ती सांगू लागली, "आजी, मास्तर माझ्यासारखीच मांडी घालतात. मी मान कलती केली की तेपण करतात. श्वासपण माझ्यासारखा घेतात."

पोरीच्या श्वासाला श्वास लावणारा माणूस सरळ कसा असेल? दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मास्तर म्हणत होते, "शेतात भाताचं आवण लावताना तू सगळ्या बायांच्या पुढे होतीस ना? तो चिखल आठव. आठवला? आता अंगठा दाब."

पोर डोळे मिटून स्वतःचाच अंगठा दाबत होती नि हसत होती. मी आत शिरले.

"मास्तर, ही कसली देवदेवस्की?"

"तसं नाही, आजी. पोरासारखं बसलं, त्याच्यासारखा श्वास घेतला की त्याची भीड मोडते. मग धीराची आठवण अंगठ्याला बांधायची. अडलं की अंगठा दाबायचा, धीर येतो."

"बांधायचं तर मी बांधते."

घरी आणून पोरीची मीठमोहरीने दृष्ट काढली. अंगठ्याला सात गाठींचा काळा दोरा बांधला आणि बजावलं, "याला हात लावशील तर बघ."

एप्रिलात तोंडी परीक्षा घ्यायला तालुक्याहून शाळाखात्याचे साहेब आले. मी दाराशी बसलेली.

"तेराचा पाढा म्हण."

गोदा थिजली. साहेबांनी वहीवर पेन टेकवलं. तेवढ्यात पोरीने हात पाठीमागे नेला आणि दोरा दाबला. मला दिसलं. मग जी सुटली ती एकशे तीसवरच थांबली.

वाटेत विचारलं, "काय गो, दोऱ्याने झालं की मास्तरांच्या विद्येने?"

"चिखल आठवला, आजी. दोरा होता म्हणून अंगठा लगेच सापडला."

गोदा पाचवीला गेली. मास्तरांवर माझा विश्वास बसला म्हणाल, तर नाही. पुढल्या वर्षी वाडीतल्या केरूच्या मुलीसाठी ते दोरा मागायला आले. मी दिला नाही, बांधायला स्वतः गेले. गाठी मारून होईपर्यंत एक डोळा मास्तरांच्या छातीवर ठेवला, श्वास कोणासारखा घेतात ते बघायला.