थाळी वाजली की

बाबांना छातीचा आजार मिलमधून मिळाला होता. कापूस पिंजायच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली. तिथल्या हवेत कापसाची एवढी बारीक धूळ उडायची की, पाळी संपवून ते घरी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. लहानपणी मी त्या बोटाने पुसायची. मिल सुटली तेव्हा धाप लागायला सुरुवात झालेलीच होती. पुढे आई गेली, घरात आम्ही दोघंच उरलो आणि मला त्यांच्या श्वासाखेरीज दुसरं काही ऐकू येईनासं झालं.

मी शाळेत मराठी शिकवायची. घरी तपासायच्या वह्या समोर असल्या तरी कान बाजेकडे. बाबा बाजेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसत. गळ्याखालच्या हाडांवर दोन खड्डे पडत. ते खड्डे किती खोल आहेत यावरून मी आजचा दिवस कसा जाणार हे ठरवत असे.

छातीच्या डॉक्टरांकडे एक यंत्र होतं, नेब्युलायझर. औषधाचे थेंब सलाइनच्या पाण्यात टाकायचे, यंत्र हवा सोडायचं आणि औषधाचं धुकं होऊन मास्कमधून छातीत जायचं. दहा मिनिटांत बाबांचे खांदे खाली येत. पण दवाखान्यापर्यंत सायकलरिक्षानं जाईस्तोवर त्यांची नखं निळी पडायची. एकदा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे घरीच असायला पाहिजे. एखाद दिवशी रस्त्यातच उशीर होईल."

ते वाक्य मी पुढे सहा महिने डोक्यात घेऊन फिरले. नागपुरात कोणाच्या घरी असं यंत्र असल्याचं मी ऐकलं नव्हतं. शेवटी सर्जिकल सामानाच्या दुकानदारानं मुंबईला लिहिलं, आणि फाल्गुनात स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून मी एक लाकडी खोकं सोडवून आणलं. आत गवतात गुंडाळलेली करड्या रंगाची लोखंडी पेटी. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला.

"मोटर चांगली हाय," ते म्हणाले. यंत्रांबद्दल ते नेहमी असंच बोलत, जनावराची पाठ थोपटावी तसं.

महिनाभर माझी भीती थोडी मागे सरकली. मग उन्हाळा तापला. एका दुपारी मी बटण दाबलं तर पेटी नुसती घुमली. मास्कमध्ये काहीच येईना. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी पेटीकडे. तो अर्धा तास कसा गेला ते मला आजही लिहिता येत नाही. उन्हं कलल्यावर ती आपोआप नीट चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. तिथं ती झकास चालली. तो भला माणूस दुपारी स्वतः घरी आला, आमचा दिवा लावून त्याच्याकडे पाहत राहिला. बल्बची तार लाल कोळशासारखी दिसत होती.

"मशीन चांगली हाय, ताई. तुमच्या गल्लीत करंटच नाही. हे ऐका न."

मी ऐकलं. रोज ऐकतच होते, म्हणून कधी ऐकलं नव्हतं. घरोघरी कूलर चालू होते. जरीपटक्याच्या बाजारातून आणलेले पत्र्याचे कूलर, ओल्या खसचा वास सोडत, गल्लीभर घरघरत होते. बाबांच्या वाट्याची वीज ते पीत होते.

थोडा वेळ कूलर बंद ठेवायला शेजाऱ्यांना सांगते म्हटलं, तर बाबा ऐकायला तयार नव्हते. "लोकायले गर्मीत बसवतं का माह्यासाठी? मी नाही सांगू देत." मी पहिल्यांदाच त्यांचं न ऐकता बाहेर पडले. दारोदार जाऊन बोलायचं म्हणजे मला घाम फुटायचा, पण त्या दिवशी वीस घरं फिरले. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं. कोणी नाही म्हटलं नाही. खूण शेजारच्या काकूंनी ठरवली. "तू कुठं दरवेळी धावत येशील वं? थाली वाजव. आम्ही समजून घेऊ."

तेव्हापासून आईची पितळी थाळी आणि लाटणं खिडकीत असे. थाळी वाजली की आधी काकूंचा कूलर थांबे, मग समोरचा, मग एकामागून एक पार टोकापर्यंत. गल्ली गप्प होई. त्या शांततेत आमच्या पेटीचा आवाज हळूहळू चढत जाई आणि मास्कमध्ये पांढरं धुकं दिसे. औषध संपलं की मी खिडकीतून "झालं" म्हणून ओरडायची.

"भाऊ, मिलचा भोंगा वेळेवर तरी वाजे," काकू भिंतीपलीकडून म्हणत. "तुमचा कवाही वाजते. आज कूलर बंद करायले धावली अन् माहं वरण लागलं."

"मिलले इतवारची सुट्टी होती, बाई," बाबा मास्क काढून म्हणत. "इथं तेही नाही."

हसणं त्यांना परवडत नसे. तरी हसत.

माझा मात्र त्या व्यवस्थेवर विश्वास बसला नाही. एप्रिलमध्ये शाळा सकाळची होती. वर्गातला पंखा जरा मंदावला की माझं वाक्य अर्धवट राही. घरी दिवसाढवळ्या मी दिवा लावून ठेवायची, तार किती लाल आहे ते बघायला. पुस्तक हातात धरून त्या तारेकडे बघत मी सगळा मे महिना काढला.

मेच्या शेवटी काकूंची मुलगी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, माहेरीच. बाळ आठ दिवसांचं, आणि ऊन असं की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. त्या दिवशी बाबांना सकाळपासून दोनदा धाप लागली. दोनदा थाळी वाजवली. दुसऱ्या वेळी कूलर थांबल्यावर भिंतीपलीकडून बाळाचं रडणं सगळा वेळ येत राहिलं. बाबा मास्कआडून ते ऐकत होते.

तिसऱ्यांदा धाप लागली ती साडेतीनला. मी लाटणं उचललं तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको. दोनदा झालं... लेकराले घामोळ्या आल्या."

"बाबा, दहाच मिनिटं."

"थांब थोडी. अशीच लाव."

मी लाटणं खाली ठेवलं. बटण दाबलं. पेटी घुमली. त्यांनी मास्क तोंडावर धरला, डोळे मिटले आणि मान हलवली. "येऊन राहिलं," ते म्हणाले.

काही येत नव्हतं. मास्क काचेसारखा स्वच्छ होता. मला ते दिसत होतं आणि मला दिसतंय हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी बसून राहिले. ते माझे वडील होते आणि त्यांनी थांब म्हटलं होतं. किती वेळ, ते मी पुढे अनेकदा मोजून पाहिलं आहे. कधी पाच मिनिटं येतात, कधी पंधरा.

मग त्यांची मान छातीवर आली.

मी थाळी वाजवली ती थांबलेच नाही. कूलर बंद झाले, पेटी चढली, धुकं मास्कमध्ये दाटलं आणि कडेने तसंच बाहेर पडत राहिलं. आत ओढून घ्यायला त्यांच्यात जोर नव्हता. गल्लीतल्या लोकांनी त्यांना रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात दोन दिवस ते होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

दुपारी सगळं आटोपून परतलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आमच्या खोलीत दाटीनं बसली. बुद्धवंदना झाली. कोणी पाणी दिलं. माणसं हळूहळू उठून गेली तेव्हा मला जाणवलं की मला सगळं फार स्पष्ट ऐकू येतंय. कुठेतरी भांडं घासल्याचं. सायकलची घंटी. भिंतीपलीकडे बाळ रडत होतं. गल्लीत एकही कूलर चालू नव्हता.

मी काकूंकडे गेले. त्यांची मुलगी बाळाला घेऊन ओल्या पदरानं वारा घालत होती.

"लावा न काकू, कूलर."

"राहू दे वं बाई. आजचा दिवस राहू दे."

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी आधीच वाजवायची न वं. मी काय नाही म्हटलं असतं?"

बाळाच्या मानेवर लाल पुरळ उठलं होतं. मी जाऊन बटण दाबलं. कूलर घरघरला, ओल्या खसचा वास आला, बाळ थोड्या वेळानं गप्प झालं. तो ऐकून समोरचा कूलर लागला, मग एकामागून एक पार टोकापर्यंत. मी वळले. आमचं दार उघडंच होतं, आत दिवा जळत होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याची तार लाल झाली, आणि मी थाळीसाठी धावले.