मशीनला लावलेलं कुंकू

मालक गेले त्या साली मी आळंदीला जायचं सोडलं, आणि गुपचूप नाही, समाधीसमोर उभं राहून माउलीला सांगून सोडलं. त्यांच्या पोटात दोन दिवस कळा येत होत्या. घरातली मोठी माणसं म्हणाली, अंगारा लावा, देवाच्या मनात असेल तसं होईल. मी बावीस वर्षांची, पदरात तीन वर्षांची शालू, मोठ्यांपुढं तोंड उघडायची पद्धत नव्हती. तिसऱ्या दिवशी ते गेले. पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं की आतडं फुटलं असणार, वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर माणूस हाती लागला असता. त्या दिवसापासून माउलीशी माझा अबोला. आता आमच्या चिखलीच्या भजनी मंडळातल्या बायका म्हणतात, तुझ्या शालूवर एवढी कृपा झाली ती लिहून काढ. लिहिते बाई, पण मी काही गरीब गाय नव्हे, हे वाचणाऱ्यानं आधीच ध्यानात घ्यावं.

मालकांच्या मागं मला पिंपरीला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला काम मिळालं. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, आम्ही लेबलं लावून खोक्यात भरायच्या. तिथं एक नियम पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगितला होता: रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. शिफ्ट संपल्याचा भोंगा होऊ दे, पोटात आग पडू दे, तुमच्या जागी दुसरी बाई येऊन उभी राहिली की मगच हात काढायचा. सोळा वर्षं हे केलं की ते अंगातच मुरतं. शालूला मी त्याच पगारावर वाढवली आणि एकोणिसाव्या वर्षी निघोज्याला दिली. सासरचं घर शेतीवाडीचं, माळकरी. सासरे, म्हणजे आमचे व्याही, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. माणूस सरळ, कधी कुणाला वाईट शब्द बोलणार नाही. जावई दत्तू भोसरीकडं एका कारखान्यात हेल्पर होता, बापाच्या शब्दाबाहेर नसलेला.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी सकाळच्या शिफ्टला लाईनवर होते, गेटवरून निरोप आला की तुमच्या मुलीला दवाखान्यात आणलंय. शालू जमिनीवर झोपली होती, पहाटे पोट दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. साप कुणी पाहिला नाही, अंगावर डंखाची खूण नाही, पण शेजारचा म्हातारा म्हणाला, ही मण्यार असणार. आप्पांनी तिला आधी मारुतीच्या देवळात नेलं. दोन तास तिथं गेले. टेम्पोतून दवाखान्यात उतरवलं तेव्हा पोरीचा श्वास थांबत आला होता. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि ती श्वासाच्या मशीनला जोडली. विषावरची इंजेक्शनं दिली. अख्ख्या वॉर्डात मशीन ते एकच. ते फुसफुस करायचं तशी शालूची छाती वरखाली व्हायची, बाकी बोटसुद्धा हलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. तरुण होते, रात्ररात्र जागून डोळे सुजले होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही काही वाईट नाही. म्हणाले, डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या हलत नाहीत, टोचलं तर कळत नाही, मेंदू गेलेला दिसतोय. मण्यार असेल तर वेळ लागतो हे मी वाचलंय, पण इतक्या थराला गेलेलं कुणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही. आणि दुसरी गोष्ट, पलीकडच्या खोलीत धनुर्वाताचा एक पोरगा आलाय, पायात खिळा गेलेला. त्याला मशीन मिळालं तर त्याची आशा आहे.

आप्पांनी हात जोडले. म्हणाले, देवानंच मार्ग दाखवला, त्या पोराला मशीन द्या, आम्ही हिला घरी नेतो. आपल्या जमिनीवर, मुखात तुळशीचं पान पडून जाऊ दे तिला. इथं गेली तर पोलीस येतील, पंचनामा होईल, पोरीची चिरफाड होईल, ती विटंबना नको. दारात टेम्पोही उभा होता. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, डोळ्यांतलं पाणीही खोटं नव्हतं, आणि त्यामुळंच मला जास्त चीड आली. मालकांच्या उशाशीही अशीच चांगली माणसं बसली होती.

सिस्टरनं कागद आणला. सही नवऱ्याची लागते. दत्तूनं पेन हातात घेतलं. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"जावईबापू, सही करायची तर करा," मी म्हणाले. "पर नळी तुमच्या हातानं काढा. डाक्टरला न्हाई काढू देनार मी."

दत्तूनं शालूकडं पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागला. मग मी डॉक्टरांकडं वळले. सिस्टर मशीनची नळी बदलायची तेव्हा एक रबरी फुगा हातानं दाबून श्वास द्यायची, ते मी तीन दिवस पाहत होते. मी म्हणाले, "मशीन न्या. त्या लेकराला लावा. तो फुगा माझ्या हातात द्या." डॉक्टर म्हणाले, आई, किती वेळ दाबाल? मी म्हणाले, रिलिव्हर येईस्तवर. त्यांना ते कळलं नाही, पण फुगा दिला. मशीन ढकलत नेलं तेव्हा मी मान वर करून बघितलंही नाही. दाब, सोड, एक दोन तीन, दाब. तेवढंच जग उरलं.

दत्तू डोळे पुसून माझ्यासमोर बसला आणि पाळी घ्यायला लागला. त्याच संध्याकाळी लाईनवरच्या बायका आल्या. सुमन सगळ्यात आधी, माझी पिंपरीची मैत्रीण, बौद्ध घरातली, पट्ट्यावर सोळा वर्षं माझ्या शेजारची. ती नखं कापून आली होती, रबराला लागू नयेत म्हणून. शिफ्ट सुटल्यावर दोघी जणी आल्या, सकाळी शिफ्टला जायच्या आधी आणखी दोघी. सुमन दाबताना पुटपुटत त्रिशरण म्हणायची. माझ्या तोंडात काहीच नव्हतं, मनात मात्र माउलीशी भांडण चालू होतं. म्हणत होते, सोळा वर्षं तुझं तोंड बघितलं न्हाई, तू काय त्याचा सूड धरलास? धर. मी हात काढनार न्हाई. बघू कोण आधी दमतं. आप्पांनी आळंदीहून अंगारा, कुंकू, साखर अशी पुडी आणून उशाशी ठेवली होती. ती मी उशीखाली कोंबून दिली, असला राग.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका कामावर गेलेल्या, दत्तू तापानं फणफणला म्हणून त्याला घरी धाडलं आणि मी एकटी पडले. बोटं वळेनात, मनगटं पेटली. सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेली. मी कोपरानं, छातीनं फुगा दाबायला लागले. पहिल्यांदा वाटलं की आता हरले. आणि भांडणाऱ्या बाईनं तेव्हा काय केलं असेल? अबोला सोडला. मनातच म्हणाले, माझ्यानं होत न्हाई आता, कुनीतरी धाड.

खाकी कपड्यातला एक माणूस दारातून आत आला. तिशीचा असेल, हाताला ग्रीसचे काळे डाग. "माय, सरका. मी धरतो की," म्हणाला. बोली लातूरकडची. त्यानं फुगा घेतला आणि पहिल्या दाबापासून ठेका बरोबर धरला. मी तरी स्वभावाप्रमाणं त्याच्यावर खेकसलेच, सावकाश, घाई करायची न्हाई म्हणून. तो व्हय व्हय म्हणाला. माझ्या हाताला रग लागली होती ती जरा ओसरल्यावर विचारलं, तुमचं कोण हाय इथं? म्हणाला, भाऊ. मी विचारलं, कसा हाय? फुगा दाबत म्हणाला, "आता त्याला तरास न्हाई माय." मी म्हणाले, चला, माउलीची कृपा. त्यानं मान हलवली आणि मला म्हणाला, तुम्ही खाली जाऊन चार घास खाऊन या, मी सोडत नाही. मी गेले. दोन दिवसांत पहिल्यांदा भाकरी खाल्ली आणि बाकावर डोळा लागला. आले तेव्हा तो तसाच बसलेला, तोच ठेका, घामानं शर्ट भिजलेला. चार तास त्यानं एकदाही हात काढला नव्हता.

सूर्य कलला तेव्हा सिस्टर सांगत आली की मशीन मोकळं झालंय, धुऊन, नळ्या उकळून तयार केलंय, तुमच्या मुलीला लावतो. वॉर्डबॉयनं ते आत आणलं, चाक अडलं तेव्हा त्या खाकीवाल्यानं उठून हात दिला. मी आनंदानं येडी झाले. मशीन कसं मोकळं झालं, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नाही. वाटलं, माझ्या माउलीनं परत धाडलं. उशीखालची पुडी काढली, आणि विधवेनं कुंकवाला हात लावायचा नसतो म्हणतात तो पायंडा गेला उडत, खंडेनवमीला लाईनवर मला कधी लावू दिलं नव्हतं ते कुंकू मी त्या मशीनला बोटभर लावलं. साखर वाटली. सिस्टरला दिली, वॉर्डबॉयला दिली, त्या माणसाच्या हातावर तर दुप्पट ठेवली. म्हणाले, घे बाबा, तोंड गोड कर. त्यानं ती कपाळाला लावली, तोंडात टाकली आणि निघून गेला. नावसुद्धा विचारलं नाही मी.

सहाव्या दिवशी शालूच्या पायाचा अंगठा हलला. सुमननं पाहिला, डॉक्टरांनी खोटं मानलं, मग त्यांच्यासमोर पुन्हा हलला. हळूहळू पापण्या उघडल्या, बोटं आली. नवव्या दिवशी नळी निघाली. डॉक्टरांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, आई, आज मी शिकलो. शालूनं फाटक्या आवाजात बोलायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला घामच फुटला, कारण तिला सगळं ऐकू येत होतं. विषानं अंग बांधलं होतं, आत पोर जागी होती. बॅटरी मारलेली तिला कळत होती, टोचलेलं कळत होतं, पेन खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा तिनं ऐकला होता. आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शालूनंच त्यांना जवळ बोलावलं, म्हणाली, मामंजी, तुम्ही रडत होता तेबी ऐकलं मी. आप्पांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सासऱ्यानं सुनेच्या पाया पडलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळे गेल्यावर शालूनं मला विचारलं, आई, तो मानूस कुठं हाय?

मी म्हणाले, कोण, खाकीवाला? गेला असंल भावाला घेऊन घरी. भाऊ बरा झाला त्याचा.

शालूनं नाही म्हणून मान हलवली. मी भाकरी खायला खाली गेले होते तेव्हा तो तिच्याशी बोलला होता. ती मेल्यात जमा आहे असं सगळा वॉर्ड म्हणत होता, तो एकटाच जिवंत माणसाशी बोलावं तसा बोलला. तिनं ते मला शब्दन् शब्द सांगितलं.

"बाई, माझा भाऊ सकाळी गेला. मशीन धुवायला घेतलंय, ते आता तुझ्याकडं यायलंय. तोवर मी हाव. तुझी माय लई दमली. तू निस्ता श्वास घे."

मी तशीच धावत सिस्टरकडं गेले. सिस्टर म्हणाली, हो, धनुर्वाताचाच तो पोरगा, धाकटा भाऊ. गावाकडची माणसं संध्याकाळी पोचणार होती, तोवर मयत खाली ठेवलं होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. ज्याचं मढं खाली पडलं होतं त्या भावाला मी म्हणाले होते, तोंड गोड कर. ज्या मशीनवर त्याचा भाऊ गेला त्याला त्याच्यासमोर कुंकू लावलं होतं. आणि त्यानं मला एका शब्दानं कळू दिलं नाही, उलट साखर खाल्ली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पुढं कितीतरी दिवस शिफ्ट सुटल्यावर मी कंपन्यांच्या गेटवर उभी राहायचे. भोंगा झाला की खाकी कपड्यांची नुसती रीघ लागायची, त्यात तो काही दिसला नाही. आजही कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसून देवावर सोडा म्हणालं की माझं डोकं फिरतं, मी भांडते, त्यात बदल नाही. एखाद्याला सोडायची वेळ खरोखर येतही असेल, ते मी नाकारत नाही. पण देवावर सोडणं काय असतं ते मी त्या माणसाकडून शिकले. त्याचं तर सगळं गेलं होतं. तरी तो आपले हात घेऊन आमच्या खोलीत आला.

शालू घरी आल्यावरच्या पहिल्या एकादशीला मी सोळा वर्षांनी आळंदीला गेले. चिखलीहून जाताना वाटेत माउलीला काय काय सुनवायचं ते मनाशी ठरवलं होतं. बघ, मी जिंकले, माझी पोर मी ओढून आणली, असं म्हणणार होते. समाधीसमोर उभी राहिले आणि त्यातलं काहीच तोंडातून निघेना. डोकं टेकलं. आजवर मी स्वतःसाठीच मागत आले होते, नाहीतर स्वतःसाठीच रुसत. त्या दिवशी एवढंच बोलले.

"माउली, त्याचं नाव मला ठावं न्हाई. तुला ठावं असंल. त्याला एकटा सोडू नगंस."