डोक्यावरचे ठिपके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

धुळ्यात मला पक्षीवाले सर म्हणतात. वीस वर्षं दर रविवारी सातपुड्याच्या पायथ्याशी हिंडलो ते एकाच पाखरासाठी — रानपिंगळा. मूठभर घुबड. जगातून संपलं म्हणून लोकांनी नाद सोडला होता, आणि सापडलं ते आपल्याच इकडच्या रानात. बाहेरून आलेल्यांना दिसायचं. मला? कधीच नाही.

अलका शिरपूरकडच्या एका गावातली अंगणवाडी सेविका. पाखरांचा नाद तिला मीच लावला, माझी जुनी दुर्बीणही मीच दिली. आणि दुसऱ्याच महिन्यात तिचा फोन, तिच्या अहिराणीत — "सर, रानपिंगळा शे! जोडी शे!" तोंडाने मी वा वा म्हटलं. पण पोटात असं काही दुखलं! पायपीट वीस वर्षं माझी, आणि दिसावा हिला? सकाळच्या भाकरी उरकून जरा गावामागच्या टेकडीवर गेली काय, आणि लगेच जोडी!

तिथली सागाची झाडं खडी क्रशरसाठी तुटणार होती. अलकाने वनखात्याकडे अर्ज केला — इथे रानपिंगळा आहे, झाडं तोडू नका. मग पक्षी खरंच तोच आहे का, हे बघून लिहून द्यायला कुणाला बोलवावं? मलाच.

सकाळचे नऊ, लख्ख ऊन. पानं झडलेल्या फांदीवर तो बसला होता, जरा वर त्याची जोडीदारीण. ओळखायची खूण अगदी सोपी — साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. मी दुर्बीण लावली. डोकं कोरं होतं. कोरं हो! माझे डोळे भरून आले — आनंदाने? छे. हेव्याने. शेजारी अलका श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"साधा पिंगळा आहे," मी म्हणालो. "ठिपके आहेत की."

कागदावरही तेच लिहिलं, खाली सही ठोकली. तिने पुन्हा दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मन्हीच नजर चुकनी व्हई, सर."

पंधरवड्यात झाडं गेली. ती जोडी पुन्हा कुणाला दिसली नाही. अलकाने दुर्बीण स्वच्छ पुसून परत आणून दिली. आता कुणी तिला पाखराचं नाव विचारलं की म्हणते, "माले काय समजस? सरस्ले इचारा."

एवढंच असतं तर — पण नाही, अजून एक आहे. त्याच दिवशी घरी येऊन मी माझी पाखरांची वही उघडली. त्या वहीत खोटं लिहायला हात धजेना. खरं तेच लिहिलं — रानपिंगळा, जोडी. पुढचा रकाना, 'पाहणारा'. आणि तिथे एकच नाव घातलं. माझं.