सलीमचा बिनवासाचा रंग

रंगाऱ्याचा शर्ट कितीही धुवा, मागच्या घरांचे डाग त्यावर राहतातच. किस्सेही तसेच चिकटतात. माझ्या अंगावरचे निम्मे किस्से एकट्या सलीमचे. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलो, शिड्या खांद्यावर टाकून कर्जत-खालापूर पायाखाली घातलं. आज मी कडावला लोखंडी गेटं रंगवतो आणि तो कुंभिवलीच्या मोठ्या साइटवर ‘ग्रीन बिल्डिंग’वाला झालाय! इस्त्रीचा शर्ट पिशवीत ठेवतो, काम संपलं की तो घालून साहेबासारखा घरी जातो. जळतो का मी? जळतो. लपवायचं काय त्यात! आणि त्याच साइटवर मलाही काम हवं होतं, तेही सांगून टाकतो.

*

सलीमनं तो डबा पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी झाकण काढून नाक आत घातलं. काहीच नाही!

“सल्या, रंग हाय का ताक?”

“गण्या, रंग वाळताना वाफ उडती ना, डोकं धरती, छातीत बसती? ती यात कमी हाय. लो-व्हीओसी म्हनतात.”

“वास नाय तर गिऱ्हाइकाला कळायचं कसं, रंग लावलाय म्हनून?”

“डोळे कशाला दिलेत रं देवानं?”

तेव्हापासून माझी एकेक गिऱ्हाइकं डोळे उघडून त्याच्याकडे गेली.

*

कडावच्या एका बाईंनी मुलाच्या हळदीसाठी घर सलीमकडून रंगवून घेतलं. रात्री सगळे त्याच घरात झोपले! पण सकाळी बाई रडकुंडीला. रंगाचा वास बाहेर पोचलाच नाही म्हणून आळीतलं कोणी डोकावायलाच आलं नाही. मग आठवण कोणाची? माझी!

“गणपतभाऊ, तुमी खिडक्यांना ऑइलपेंट मारा. कळू दे जरा आळीला.”

मी दोन्ही हातांनी मारला. तासाभरात आळीलाच काय, नाक्यावर कळलं! पाव्हणे नाकाला पदर-रुमाल लावून अंगणात जेवले. नवरदेवाचं डोकं असं धरलं की त्याला घरात झोपवेना. मग झोपायला गेला कुठे?

सलीमच्या घरी!

*

सलीमची साइट बघायला म्हणून एकदा कुंभिवलीला गेलो. गेटवर वॉचमननं पिशवी तपासली आणि थिनरची बाटली काढून घेतली.

“आत न्यायला बंदी हाय, काका. ग्रीनचं सर्टिफिकेट पायजे ना यांना. रंग कुठला, डिंक कुठला, समदं तपासत्यात.”

“अरे, एवढीशी बाटली हाय!”

वॉचमन जवळ आला नि हळूच म्हणाला, “दारू असती तर मी बगितलंच नसतं. थिनर दिसला तर इंजिनियर मॅडम माजी नोकरी खाईल!”

आत गेलो तर सलीम शिडीवर उभा राहून शिट्टी वाजवत होता. माझ्याच वयाचा माणूस! मी शिट्टी वाजवायला जातो तेव्हा खोकला वाजतो.

*

आमच्या घराला दर दिवाळीआधी मीच रंग द्यायचो. डबा उघडला की सुमन, म्हणजे आमची मंडळी, पिशवी भरून कशेळ्याला माहेरी. मी म्हणायचो, बाईला माहेरची ओढ फार. गेल्या दिवाळीत नातू घरात, त्याची छाती भरलेली. सुनेनं परस्पर सलीमला बोलावलं. माझ्या घरात, माझ्या शिडीवर, सलीम! मी ओट्यावर तोंड फुगवून बसलो.

सुमन आत निवांत भाकऱ्या थापत होती.

“या खेपेला माहेरी नाय जायाचं?” मी विचारलं.

“कशाला? अवो, मी काय हौसेनं जात व्हते?”

*

आता शेवटचा.

सलीमच्या साइटवर पुढच्या इमारतीला रंगारी हवे होते. तो स्वतः घरी आला. म्हणाला, “गण्या, तुझ्यासारखी सरळ पट्टी दुसऱ्याला मारता येत नाय. ये. नमुन्याची एक खोली रंगव. मॅडमनं पास केली की काम तुझं.”

मला त्याचा राग आला आणि मी गेलो.

थिनर घरीच ठेवला. त्याचाच रंग, त्याचाच रोलर. खिडकीजवळची पट्टी अशी मारली की बाकीचे रंगारी येऊन बघून गेले. सलीमसुद्धा नुसता बघत राहिला. आता जळ तू, म्हटलं! नियमाप्रमाणे खोली काही दिवस उघडी ठेवली. मग इंजिनियर मॅडम हवा तपासायचं मशीन घेऊन आल्या; रंगाची वाफ लागली की ते ओरडतं. मी सकाळचं गेटाचं काम उरकून त्याच शर्टात धावत गेलो.

सलीमनं रंगवलेल्या खोलीत मशीन गप्प. माझ्या खोलीत गेलो आणि ते ओरडायला लागलं!

मॅडमनी कोपरे बघितले. सलीमनं रिकामे डबे हुंगले. मी तणतणत बाहेर आलो, “रंगच खोटा दिलाय सल्यानं!” आणि मशीन गप्प. मी आत गेलो. ओरडलं. बाहेर आलो. गप्प.

“काका, तुम्ही जरा बाहेरच थांबता का?” मॅडम म्हणाल्या.

रंगारी हसायला लागले. सलीम हसला नाही. त्यानं पिशवीतून तो इस्त्रीचा शर्ट काढला.

“घाल.”

नळावर तोंड धुतलं, साबणानं कोपरापर्यंत हात घासले, त्याचा शर्ट घातला. पोटावरची बटणं लागेनात, तशीच ओढून लावली. आत गेलो. मॅडमनी मशीन माझ्यासमोर धरलं. सगळे श्वास रोखून उभे. मीही रोखला होता. पण किती वेळ रोखणार? खोकला आला.

मशीन ओरडलं.

मॅडमनी ते बंद केलं. माझ्याकडे न बघता खिडकीजवळच्या पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

“भिंत पास आहे, काका.”